रात्री लाल, सकाळी हिरवं: फक्त सीआयवर पडणाऱ्या टेस्टचा बंदोबस्त

लक्षण असं. लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास होतात. पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती) टाकली की सीआयवर, म्हणजे प्रत्येक बदलावर सगळ्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेवर, एखाद-दुसरी पडते आणि लाल खूण येते. कोणीतरी रीरन दाबतं, पुन्हा लाल. वैतागून सगळे झोपतात. सकाळी सहज पुन्हा रीरन करावं तर त्याच कमिटवर (कोडच्या त्याच नोंदवलेल्या स्थितीवर) हिरवी खूण. मर्ज होतं, विषय संपतो आणि काही दिवसांनी दुसऱ्याच कुणाच्या पुल रिक्वेस्टवर तीच टेस्ट पडते.

आधी प्रकल्पाबद्दल थोडं, कारण निदान त्यातच आहे. पावसाळ्यात सांगलीत रोज पत्रकं फिरतात: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, कोयनेतून सोडलेलं पाणी, कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस. कधी पीडीएफ, कधी व्हॉट्सॲपवर आलेला नुसता मजकूर. त्यातून आकडे काढून एकसारख्या तक्त्यात मांडणारी ही छोटी पायथन लायब्ररी. मुक्तस्रोत आहे, गिटहबवर आहे. लिहिणारे बहुतेक सांगलीचेच. काही नोकरीसाठी पुण्याला गेलेले, काही अजून इंजिनिअरिंगला. दिवसा ज्याला त्याला आपापली कामं, त्यामुळे कोड लिहिला जातो तो रात्री जेवणं उरकल्यावर.

ग्रुपवर ठरलेलं वाक्य: "दादा, परत लाल आलंय. रीरन मारू का?" ठरलेलं उत्तर: "थांब, सकाळी मार. रात्री चालत नाही ते." रात्री गिटहबचे सर्व्हर थकतात असाही एक सिद्धांत मांडून झाला होता. सर्व्हर बिचारे ठणठणीत होते. पण 'रात्री चालत नाही' हे निरीक्षण मात्र शंभर टक्के खरं होतं.

रीरन नेमकं काय करतं

गिटहब ॲक्शन्समध्ये (गिटहबची सीआय सेवा) रीरन केलं की पहिला रन ज्या कमिटवर झाला त्याच कमिटवर सगळं पुन्हा चालतं. पहिल्या रनपासून ३० दिवसांपर्यंत ही सोय असते. म्हणजे कोड तोच, आणि तरीही लालचं हिरवं झालं, तर कोडच्या बाहेरचं काहीतरी बदललंय. हे बाहेरचं फार नसतं: घड्याळ, नेटवर्क, टेस्ट चालण्याचा क्रम, फायली वाचण्याचा क्रम, आवृत्ती न बांधलेली डिपेन्डन्सी (आपण वापरतो ती दुसऱ्याची लायब्ररी), नाहीतर खुद्द रनरची, म्हणजे टेस्ट चालवणाऱ्या गिटहबच्या यंत्राची, इमेज. ही शेवटची शक्यता लोक विसरतात. वर्कफ्लोमध्ये (सीआयने काय, कुठे चालवायचं ते सांगणारी फाइल) 'उबुंटू-लेटेस्ट' लिहिलं असेल तर ते नाव कायम एकाच आवृत्तीला चिकटलेलं नसतं. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते २२.०४ वरून २४.०४ वर सरकलं. पण तसं झालं तर एकदा लाल होऊन लालच राहतं. सकाळ-संध्याकाळचा खेळ चालत नाही.

त्यामुळे रीरनने हिरवं झालं की लगेच मर्ज न करता इश्यूमध्ये एक ओळ टाकायची: कोणती टेस्ट, किती वाजता लाल, किती वाजता हिरवी. अशा चार-पाच ओळी जमल्या की अर्धे संशयित आपोआप गळतात. पडलेली टेस्ट आपोआप तीनदा चालवून बघणारं पायटेस्टचं (टेस्ट चालवायचं पायथनचं साधन) प्लगिन मिळतं, तेही कुणीतरी सुचवतंच. माझा त्याला ठाम विरोध आहे. पुरावा झाकला जातो हे एक, आणि आमच्या दुखण्यावर त्याचा उपयोगही शून्य. रात्री एक वाजता लगोलग तीनदा चालवलं काय नि तीसदा काय, एकच वाजलेला असतो.

लॉगमधला झेड

पडलेल्या टेस्टचा संदेश साधा होता: अपेक्षित १५ जुलै, मिळालं १४ जुलै. वेबवरच्या पानावर 'अमुक तासांपूर्वी' एवढंच दिसतं म्हणून कच्चा लॉग उतरवून घ्यायचा. त्यात त्या ओळीच्या सुरुवातीला होतं १४ जुलै, १९:५२:१०, आणि शेवटी झेड. तो झेड म्हणजे यूटीसी, जगाची प्रमाण वेळ. त्यात साडेपाच तास मिळवा: आपल्याकडे १५ जुलै उजाडून रात्रीचे १ वाजून २२ मिनिटं झालेली.

इथेच सगळं आलं. पत्रकावर तारीख नसेल तर 'आजची' तारीख लावणारं एक फंक्शन आहे, आणि ते 'आज' विचारतं यंत्राच्या स्थानिक घड्याळाला. टेस्ट मात्र अपेक्षित तारीख काढते भारतीय वेळेवरून. सांगलीतल्या लॅपटॉपचं स्थानिक घड्याळ भारतीयच, म्हणून दोन्ही उत्तरं कायम जुळतात. गिटहबच्या रनरचं घड्याळ यूटीसीवर. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आपली तारीख पुढे गेलेली असते आणि यूटीसीची आदल्याच दिवशी रेंगाळत असते. तेवढ्या साडेपाच तासांत टेस्ट हमखास पडते. उरलेल्या साडेअठरा तासांत हमखास पास होते. दिवसा नोकरी म्हणून कोड लिहिणाऱ्या टीमला हा दोष वर्षानुवर्षं दिसणार नाही. रात्री बारानंतर पुश करणाऱ्यांना तो रोज दिसतो.

आणि हा नुसता टेस्टचा दोष नव्हे. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. अशा रात्री दर तासाला नवा आकडा येत असतो, आणि ही लायब्ररी कुणी क्लाउडवरच्या सर्व्हरवर बसवली असेल तर त्याचंही घड्याळ बहुधा यूटीसीवरच असतं. रात्री दोनच्या आकड्यावर कालची तारीख पडली की आलेखात पाणी चढतंय की उतरतंय हेच उलटं दिसेल. टेस्ट खरं बोलत होती, आणि आम्ही तिला सकाळपर्यंत गप्प बसवत होतो.

दिवसाढवळ्या पाडून बघायचं कसं

दुरुस्तीआधी दोष हवा तेव्हा पाडता आला पाहिजे. लिनक्सवर 'टीझेड' हे टाइमझोन सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल यूटीसी करून पायटेस्ट चालवता येतं, पण दुपारी ते करून काहीच पडत नाही. घड्याळही रात्रीचं हवं. त्यासाठी 'फेकटाइम' नावाची छोटी कमांड उबुंटूच्या रिपॉझिटरीत आहे. तिला १४ जुलै १९:५२ अशी वेळ द्यायची आणि पुढे नेहमीची पायटेस्टची कमांड. पहिल्या झटक्यात लाल. विंडोजवर 'टीझेड'ची ही युक्ती धड चालत नाही, डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) करा.

टेस्टपुरतं घड्याळ गोठवणारी 'फ्रीझगन' वापरणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. ती लायब्ररी गोठवलेली वेळ यूटीसी धरते, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर यंत्राची स्थानिक वेळही तीच आहे असं भासवते. म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा टाइमझोन टेस्टपुरता गायब होतो. कधी त्यामुळे दोष सापडतो, कधी झाकला जातो, आणि नेमकं काय झालं ते पुष्कळदा उमगत नाही. टाइमझोनच्या भानगडीत म्हणून मी आधी 'फेकटाइम' वापरतो, फ्रीझगन नंतर.

याहून सरस युक्ती मात्र वेगळी आहे. सीआयच्या मॅट्रिक्समध्ये (त्याच टेस्ट वेगवेगळ्या सेटिंगवर वेगळ्या जॉबमध्ये चालवायची सोय) टीझेडच्या दोन किमती ठेवा: एक पॅसिफिक/किरितिमाती, दुसरी पॅसिफिक/होनोलुलू. पहिलं बेट यूटीसीच्या १४ तास पुढे, दुसरं १० तास मागे. दोघांत बरोबर २४ तासांचं अंतर, म्हणजे घड्याळ दोन्हीकडे सारखं आणि तारखेत नेहमी एक दिवसाचा फरक. भारताची तारीख कुठल्याही क्षणी या दोघांपैकी एकाशीच जुळते, दुसऱ्याशी कधीच नाही. स्थानिक 'आज'वर विसंबलेली टेस्ट मग दोनपैकी एका जॉबमध्ये पडणारच. मग दुपारचे तीन असोत की पहाटेचे चार. रात्रीची वाट बघणं संपलं. लपाछपी खेळणारा दोष असा कायमचा उघड्यावर आला की निम्मं काम झालं.

मॅट्रिक्स लिहिताना 'फेल-फास्ट' बंद करायला विसरू नका. ते मुळातच चालू असतं, आणि एक जॉब पडला की उरलेले मध्येच रद्द होतात. मग किरितिमातीत पडलं की होनोलुलूत तेच कळत नाही, आणि इथे सगळी माहिती त्या फरकातच आहे. दुसरं म्हणजे रनरऐवजी एखाद्या सडपातळ कंटेनर इमेजमध्ये टेस्ट चालवत असाल तर तिथे टाइमझोनचा डेटा आहे का ते तपासा. नसेल तर हे नाव कळत नाही आणि तक्रार न करता घड्याळ यूटीसीवर चालतं. दोन्ही जॉब हिरवे, आणि आपण खूश.

दुरुस्ती

पहिली सूचना येते ती अशी: वर्कफ्लोमध्ये टीझेड आशिया/कोलकाता करून टाका, एका ओळीत काम. होतं खरं हिरवं. पण त्याने फक्त रनरला सांगलीत आणून बसवलं. ज्याचा सर्व्हर यूटीसीवर आहे त्याला चुकीची तारीख मिळतच राहणार, आणि आता ते सांगायला टेस्टही उरली नाही. ही ओळ कुणाच्या पुल रिक्वेस्टमध्ये दिसली तर मी मर्ज करत नाही.

खरी दुरुस्ती कंटाळवाणी आहे. आतल्या कुठल्याही फंक्शनने स्वतःहून घड्याळाकडे बघायचं नाही. 'आत्ता' काय वाजलंय ते त्याला बाहेरून आर्ग्युमेंट म्हणून मिळेल. घड्याळ बघायची जागा एकच, कमांड लाइनच्या दारात, आणि तिथेही टाइमझोन स्पष्ट लिहून. टाइमझोन नसलेली वेळ आत आली तर फंक्शनने अंदाज न बांधता सरळ व्हॅल्यूएरर फेकायचा. मग टेस्टमध्ये काहीच गोठवावं लागत नाही, हवी ती वेळ हातात द्यायची.

टाइमझोनसाठी पायथन ३.९ पासून 'झोनइन्फो' आहे. विंडोजवर त्याला 'टीझेडडेटा' हे वेगळं पॅकेज लागतं, नाहीतर आशिया/कोलकाता सापडतच नाही आणि नवीन कंट्रिब्युटर पहिल्याच दिवशी अडकतो. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करायची पद्धत नाही, त्यामुळे या कामापुरता यूटीसी अधिक साडेपाच तास असा स्थिर ऑफसेट लिहिला तरी चालतं. मी तोच ठेवला. एक डिपेन्डन्सी कमी.

हे पुन्हा शिरू नये म्हणून रफ या लिंटरमधला (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारं साधन) 'डीटीझेड' हा नियमगट चालू करा. टाइमझोन न देता 'नाऊ' किंवा 'टुडे' विचारलं की तो तिथल्या तिथे हटकतो. 'यूटीसीनाऊ' वापरणाऱ्यांनाही तो पकडतो, आणि ते बरंच आहे: त्यातून मिळणाऱ्या वेळेला टाइमझोन जोडलेलाच नसतो, आणि पायथन ३.१२ पासून ते फंक्शन निवृत्तीच्या यादीत गेलंय.

साडेआठचा काटा

पावसाच्या आकड्यांशी खेळणाऱ्यांसाठी आणखी एक मध्यरात्र असते, ती सकाळी साडेआठला. हवामान खात्याच्या नोंदीत एखाद्या तारखेचा पाऊस म्हणजे आदल्या दिवशी सकाळी ८:३० पासून त्या दिवशी सकाळी ८:३० पर्यंतचा. ८:३० ही वेळ विचित्र वाटते, पण यूटीसीत ते बरोबर ३:०० होतात. म्हणजे १४ तारखेला सकाळी ९ वाजता नवजाला कोसळलेली सर १५ तारखेच्या खात्यात जाते.

कोडमध्ये हे करण्याची सोपी रीत अशी: वेळेतून साडेआठ तास वजा करा, तारीख घ्या, एक दिवस मिळवा. ९ वाजता बरोबर, ७ वाजता बरोबर. ठीक ८:३० ला? वजाबाकी करून मध्यरात्र येते, तारीख तीच राहते, एक दिवस मिळवला की उद्या. पण ८:३० चा आकडा आजचा आहे. त्यावेळी मोजमाप घेऊन तर आजचा हिशेब बंद होतो. आणि बहुतेक नोंदींवर वेळ असते तीच नेमकी ८:३०! अडनिड्या वेळांवर लिहिलेल्या टेस्ट सगळ्या पास, आणि खरं पत्रक दिलं की अख्खा महिना एक दिवस पुढे सरकलेला. ८:२९, ८:३० आणि ८:३१ या तीन वेळांची टेस्ट तारीख पक्की लिहून ठेवा. ३१ डिसेंबर आणि २८-२९ फेब्रुवारीही त्यात घाला.

हंगामाचंही तसंच. आमचं हंगामाचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणजे जानेवारी ते मे महिन्यांचा हंगाम गेल्या सालातला. टेस्ट लिहिलेल्या जुलैत, कारण पाणी वाढलं की सगळ्यांना उत्साह येतो. त्यात 'या वर्षीचा हंगाम' म्हणजे चालू साल असं गृहीत धरलेलं होतं. डिसेंबरपर्यंत हिरवं, १ जानेवारीला लाल, १ जूनला आपोआप बरं. इथे रीरन करून उपयोग नाही, पाच महिने थांबावं लागतं. औषध तेच: टेस्टमध्ये 'आज' हा शब्दच नको.

घड्याळ निर्दोष निघालं तर

लाल होण्याच्या वेळांत काहीच ताल दिसत नसेल तर क्रमाकडे वळा. पायथनमध्ये ३.३ पासून मजकुराचे हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा, ज्यावर सेटमधला क्रम अवलंबून असतो) प्रत्येक वेळी वेगळे पडतात, म्हणून केंद्रांची नावं सेटमध्ये ठेवून त्याची यादी छापली तर दर रनला क्रम बदलतो. फोल्डरमधल्या फायलींचं तसंच: विंडोजवर त्या बहुतेकदा नावांच्या क्रमाने येतात, लिनक्सवर तशी खात्री नाही. यादीतली शेवटची फाइल ती ताजी, असं धरून चालणारा कोड सांगलीत चालतो आणि रनरवर आपटतो. दोन्हीकडे क्रम लावून घ्या, विषय मिटला. एक टेस्ट दुसरीच्या उष्ट्यावर जगत असेल तर 'पायटेस्ट-रँडमली' लावा. तो क्रम पिसतो आणि लॉगच्या वरच सीड (तो क्रम ठरवणारा आकडा) छापतो, त्या सीडने घरी तोच क्रम मिळतो.

रीरन करूनही लालच राहतं, पण काहींच्याच यंत्रावर, असा प्रकार असेल तर मजकूर तपासा. आमच्याकडे हे कऱ्हाडने दाखवलं. त्यातला अर्धा र कुणी यू+०९३१ या युनिकोड क्रमांकाच्या एका अक्षराने टाइप करतं, कुणाच्या कीबोर्डवरून र आणि नुक्ता असे दोन तुकडे येतात, तर कुणाकडून साधा र, हलन्त आणि न दिसणारा झीरो-विड्थ-जॉइनर. पडद्यावर तिन्ही कऱ्हाड हुबेहूब सारखे, पायथनला तीन वेगळी गावं. एनएफसी नॉर्मलायझेशनने (एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या करणारी युनिकोडची पद्धत) पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, तो स्वतः बदलून घ्यावा लागतो. शिवाय काही पत्रकांत सरळ 'कराड' असतं, त्यासाठी नावांचा तक्ता हवाच.

फाइल उघडताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) न लिहिण्याची चूक उलट्या बाजूने चावते: लिनक्स रनरवर हिरवं आणि विंडोजवाल्याच्या घरी देवनागरीचा चिखल. पायथन ३.१५ मध्ये यूटीएफ-८ हेच डीफॉल्ट ठरलंय, पण तोवर प्रत्येक ठिकाणी ते लिहा आणि मॅट्रिक्समध्ये एक विंडोज रनर ठेवा.

नेटवर्कबद्दल थोडक्यात. युनिट टेस्टने खऱ्या संकेतस्थळावरून पत्रक आणायचं नाही. पुराच्या दिवसांत ती पानं उघडायला माणसांनाच वेळ लागतो, त्यात आपल्या टेस्टची भर नको. जुन्या पत्रकांच्या प्रती टेस्टच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांच्यावरच चालवा.

पत्रकाचा साचा बदलला का हे कळायला मात्र खरं पान अधूनमधून बघावंच लागतं. त्यासाठी वेगळा, ठरावीक वेळी चालणारा वर्कफ्लो करा, जो पडला तरी कुणाची पुल रिक्वेस्ट अडणार नाही. त्याचं वेळापत्रक यूटीसीत लिहायचं सोपं: सकाळी नऊला हवं असेल तर ३:३०. ठोक तासावर गर्दी असते आणि रन उशिरा सुटतो, तेव्हा काही मिनिटं इकडेतिकडे ठेवा. आणि पब्लिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर गिटहब असे वेळापत्रकी वर्कफ्लो बंद करतं. आमच्यासारख्या प्रकल्पात दिवाळीनंतर मेपर्यंत कुणी फिरकत नाही, त्यामुळे ते दरवर्षी बंद पडलेलं असतं. मेच्या शेवटी ॲक्शन्सच्या टॅबमध्ये जाऊन ते हाताने चालू करायचं आणि लगेच एकदा चालवून बघायचं. ते काम कुणाचं, हे रीडमीत नाव घालून लिहून ठेवा.